जास्तीची भाकर

गुरुवार, संध्याकाळ

आज आष्टीच्या बाजारात भाजीवालीनं नेहमीसारखी अर्धा किलो वांगी तराजूत टाकली. मी म्हणाले, "पावच दे बाई. आता एकटीच असते मी." ती हळूच म्हणाली, "असू दे मावशी, पावात बी चांगलं कालवण व्हतंय."

हे जाऊन वर्ष होत आलं, पण असं तोंडानं आज पहिल्यांदाच बोलले. इतके दिवस दोघांचीच भाजी आणत होते आणि उरलेली गाईपुढं टाकताना जीव चुटपुटत होता. आज पीठही मोजून मळलं. कालवण संपलं, भाकर संपली, टोपलं रिकामं. बरं वाटायला हवं होतं. मग त्या टोपल्याकडे सारखी का बघत बसले?

हे रोज जेवताना म्हणायचे, "एक भाकर जास्तीची टाक गं, सकाळी कुस्करा पाहिजे." मी चिडवायचे, "ताजी सोडून शिळी मागणारा नवरा माझ्याच नशिबी आला!" तर म्हणायचे, "ताजी कुणीबी देईल. शिळी घरचीच पाहिजे." कुस्करलेल्या भाकरीला कांद्याची, शेंगदाण्याची, लाल तिखटाची फोडणी. कढईला लागलेलंही खरवडून खायचे. तेव्हा या घरात काही वाया जातच नव्हतं.

टोपलं रिकामं बघवेना. पुन्हा तवा ठेवला आणि एकच भाकर केली. टम्म फुगली. तिचा तुकडाही न मोडता फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवली आहे.

सकाळपर्यंत छान शिळी होईल.