दीड फुप्फुसाचा सुभेदार

१२ नोव्हेंबर १९७४. पलूस.
साखर कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी नक्की होती. मेडिकलला छातीच्या फोटोत डाग निघाला. मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सुभेदार हंबीरराव, कॅन्सर आहे, पण लहान आहे, लवकर सापडला, कापून काढू. मी विचारलं, ड्युटीवर कधी हजर होऊ? त्यांनी चष्मा काढून पुसला. माझं धैर्य बघून चाट पडले असावेत.
विडी ऑपरेशननंतर बंद. आत्ता सोडण्यात अर्थ नाही, तो तुकडा तसाही कापणारच आहेत.

३ डिसेंबर. मिरज, दवाखाना.
डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला. रोग बाहेर पसरलेला नाही. डॉक्टर म्हणाले, आता पुढचं बरंचसं तुमच्या हातात. विडी बंद, श्वासाचा व्यायाम, रोज चालणं, दर तीन महिन्यांनी फोटो. हे सगळं साध्या माणसांसाठी ठीक. मी पलटणीत उमेदीची वर्षं काढलेली. बॉडी पहिल्यापासून फिट.
शेजारच्या खाटेवर नानासो, आटपाडीकडचा मेंढपाळ. त्याचंही हेच ऑपरेशन झालं. अंगावर मूठभर मांस नाही. हा काही पुढचा पाऊस बघत नाही, असं सुलाच्या कानात सांगितलं. बायकोच ती, तिनं मलाच चिमटा काढला.

७ डिसेंबर.
श्वासाचा व्यायाम म्हणजे काय, तर नळीनं बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे काढायचे. सुभेदारानं. नानासो दिवसभर फुंकत बसतो. दुखत नाही का विचारलं, तर म्हणाला, लय दुखतंय, पर फुकायचं म्हणल्यात न्हवं. स्वतःचं डोकं चालवायचंच नाही, याला काय करणार?
संध्याकाळी मला ताप. कफ साठलाय म्हणे. मिरजेची हवाच दमट.

२० जानेवारी १९७५. पलूस.
विडी सोडली ती सोडली. माझा शब्द म्हणजे शब्द. सिगारेटबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. फिल्टरची घेतो.
रोज पहाटे मळ्यापर्यंत चालायचं ठरवलंय. थंडी ओसरली की सुरू.

११ मार्च.
फोटोची तारीख चुकली. ऊस तुटायला आलाय. शिवाय फोटो काढून रोग थोडाच जातो? उलट फोटो काढला म्हणूनच तो निघाला होता.
सुला म्हणाली, आवं, उसाचं मी बघते, तुमी जावा. बायकांना ऊसही कळत नाही आणि कॅन्सरही.

६ जुलै.
थंडी ओसरली तेव्हा ऊन लागलं, आता चिखल आहे. चालणं दिवाळीनंतर.

१८ नोव्हेंबर.
नानासो जिवंत आहे. आमच्याच रानात खतासाठी मेंढरं बसवायला आला. आटपाडीपासून चालत. अंगावर थोडं मांसही दिसलं. मला उसाच्या फडातून बाहेर येताना बघितलं आणि मागून वर जाणारा धूरही. म्हणाला, काय जळतंय सुभेदार? मी म्हणालो, उसाचं पाचट.
शेवटी सिगारेट पुढं केली. नको म्हणाला. म्हणाला, सोडली तवा लय रडलो गड्या, सासू मेली तवा बी एवढा रडलो न्हाई. मग म्हणाला, फोटोला येत न्हाईसा तुमी, डाक्टर इचारत हुते. मी त्याला अंडी आणि मटणाचं महत्त्व समजावून सांगितलं. अडाणी माणूस, ऐकून घेतलं.
बांधावर त्याला गाठताना थोडा दम लागला. बूट जड आहेत.

२ फेब्रुवारी १९७६.
खोकला. गुऱ्हाळाचा धूर. खोकताना जरा रक्त दिसलं, दात हलतोय बहुतेक. सुलाला सांगितलं नाही. तिनं टॉवेल धुताना बघितलं आणि लुगड्यांची पिशवी भरायला घेतली.

५ फेब्रुवारी. मिरज.
तब्येत उत्तम ठरली. फोटोत दोन्ही बाजूंना डाग आहेत, पण डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनचं काम उरलं नाही. मी आधीच म्हणत होतो, उगाच कापाकापी. सिगारेट कधी सोडली विचारलं. मी म्हणालो, मागंच. सुला खाली मान घालून म्हणाली, न्हाई सोडली. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, असू दे, आता हवी तर ओढा. म्हणजे त्यांनाही माझं म्हणणं पटलं.
व्हरांड्यात नानासो भेटला. त्याचा फोटो स्वच्छ, तरी बिचाऱ्याला सहा महिन्यांनी परत बोलावलंय. मला पुढची तारीखच दिली नाही. मी पास. हे त्याला सांगितलं तर तो माझा हात धरून बसला. सोडेचना. मत्सर असावा.
डॉक्टर सुलाशी बाजूला बराच वेळ बोलले. येताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून होती. पलूसला उतरल्यावर म्हणाली, थांबा हितं. टपरीवर गेली. जिनं उभा जन्म माझ्या खिशातल्या काडेपेट्या फेकून दिल्या, तिनं सिगारेटचं पाकीट आणून माझ्या हातात ठेवलं. चांगलं, फिल्टरचं.
घरी येऊन फोडलं. एक तोंडात धरली. तिनं स्वतः काडी ओढून पुढं केली.
विझू दे म्हणालो. आज तलफच नव्हती.