पुडीतली शिवराई

अण्णा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मागच्या महिन्यात मी तुमच्यावर एक आळ घेतला. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून, एका परक्या बाईसमोर. तुम्ही नाही म्हणायला येणार नव्हतात, म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून गेलं असणार. पण सगळं पहिल्यापासून सांगते. अर्धवट बोललेलं तुम्हाला खपायचं नाही. मी रडत काही सांगायला आले की, "कुठून कुठपर्यंत ते आधी सांग, मग तिकीट फाडतो," असं तुम्ही घरातसुद्धा म्हणायचात.

घोडेगावहून डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या गाडीवर तुम्ही कंडक्टर होतात आणि अख्ख्या वाटेवर तुमचं नाण्यांचं वेड माहीत होतं. कुणाला भातखाचराचा बांध घालताना शिवराई, ते जुनं तांब्याचं नाणं, सापडे, कुणाला जुन्या कणगीच्या तळाशी. एरवी ते तांबं मोडीवाल्याच्या तराजूत जायचं. तुम्ही म्हणायचात, "मोडीत घालू नका, मी सांभाळतो. नाणं तुमचंच. कवाबी या, बघा, न्यायचं तर न्या." एकही नाणं तुम्ही विकत घेतलं नाहीत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणालात, विकत घेतलं की आपलं होतं, आणि आपल्या वस्तूशी माणूस कसंही वागतो. तेव्हा मला हे तुमचं नेहमीचं काहीतरी वाटलं होतं.

संध्याकाळी आई भाकरी थापतेय आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पाटावर बसून पुड्या बांधताय, हे मला आत्ता समोर दिसतंय. डॉक्टर औषधाच्या भुकटीची बांधायचे तशी पुडी. कागद जुन्नरहून आणलेला, कोरा, पांढरा. वर्तमानपत्राचा चालायचा नाही, शाई लागते. डिंक नाही, टाचणी नाही, रबर तर नाहीच, रबरानं नाणं काळं पडतं म्हणून. पुडीवर पेन्सिलीनं नाणं कुणाचं, गाव कोणतं, कुठं सापडलं आणि देताना तो माणूस काय बोलला, हेसुद्धा. सगळ्या पुड्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. आई म्हणायची, "एवढ्या पुड्या बांधताय, लोकांना वाटंल दवाखाना काढलाय." तुम्ही हसायचात. मला मात्र त्या पुड्यांची लाज वाटायची. एकदा मैत्रिणीच्या वडिलांनी तुम्हाला पुडी खिशात ठेवताना पाहिलं आणि विचारलं, तंबाखू कधीपासून सुरू केली? मी त्या दिवशी तुमच्यावर इतकी चिडले होते, जसं काही तुम्ही खरंच तंबाखू खाल्ली होतीत.

पाचवीत होते मी. दिवाळीच्या आधी आईबरोबर तांब्याची भांडी चिंच-मिठानं घासत बसले होते. भांडी लखलखायला लागली तशी माझ्या डोक्यात कल्पना आली. डब्यातली एक पुडी सोडली, शिवराई काढली आणि घासघास घासली. नव्या तांब्यासारखी झाली. तुम्ही ड्यूटीवरून आलात, खांद्यावरची बॅग अजून उतरवली नव्हती, तेवढ्यात मी पळत येऊन तुमच्या हातावर ठेवली. शाबासकी मिळणार याची खात्रीच होती. तुम्ही ती उजेडात धरलीत. 'श्री राजा' एवढं पुसट दिसत होतं, खालचं काहीच लागत नव्हतं. "कातडं सोललंस की गं त्याचं," एवढंच म्हणालात. आवाज चढवला नाहीत. मी रडले, पण पस्तावून नाही, रागानं. एका फुटक्या पैशासाठी एवढं तोंड पाडायचं! दुसऱ्या दिवशी ते नाणं पुन्हा पुडीत गेलं आणि आपल्या घरापुरता विषय संपला. ते कुणाचं होतं हे मी विचारलं नाही. तुम्ही पुढे काय केलंत हे मला मागच्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी तुमच्यासाठी पुण्याहून नाण्यांचा अल्बम आणला. लाल पुठ्ठा, आत मऊ, पारदर्शक कप्पे. तुम्ही उघडलात आणि आधी नाकाशी नेलात. "वास येतोय गं याला. रेनकोटाचा." मग सांगत बसलात, एका पावसाळ्यात चार नाणी रेक्झिनच्या पाकिटात राहिली होती, हिरवी चिकट झाली. "मऊ प्लास्टिकला घाम सुटतो. कडक, बिनवासाचं मिळतं का बघ कधी." मला तेवढं सगळं कुठलं ऐकू यायला? वडिलांनी माझी भेट नाकारली, एवढंच ऐकू आलं. तुम्ही तो अल्बम टाकला नाहीत, माझे शाळेतले फोटो लावलेत त्यात. तरी मी पुढच्या दोन खेपांना तुमच्याशी धड बोलले नाही.

तुम्ही गेल्यावर डबा आणि अल्बम दोन्ही मी मंचरला माझ्या घरी आणलं. एका रविवारी फोटो काढले, पुड्या सोडल्या आणि एकेक नाणं कप्प्यात सरकवत गेले. हे लिहायला नको वाटतंय, पण तेव्हा मनातून मला जिंकल्यासारखं वाटत होतं. बघा, शेवटी माझ्याच अल्बममध्ये आली ना! कप्प्यांवर मालकांच्या नावांची लेबलं चिकटवली आणि पुड्या घंटागाडीत टाकल्या. नावं उतरवली, बस झालं, असं मला वाटलं. खाचर कोणतं, माणूस काय बोलला, ते तुमचं पेन्सिलीतलं सगळं त्या गाडीत गेलं. दोनेक वर्षं पाहुण्यांना अल्बम दाखवून मिरवले, मग तो लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला. वर स्लॅब तापतो. मी पुन्हा उघडलासुद्धा नाही.

मागच्या महिन्यात दुपारी दारात एक म्हातारी उभी. डोंगरातून मंचरला डोळे दाखवायला आली होती, घोडेगावच्या आपल्या जुन्या शेजाऱ्यांकडून पत्ता घेऊन. "कंडक्टरभाऊंची लेक का तुमी? आमच्या मालकांचं नाणं हाय तुमच्याकडं. कवाबी या म्हनायचं भाऊ. मालक गेलं आवंदा. तेवढं एकदा बघते आन् जाते." मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि मोठ्या तोऱ्यात अल्बम काढला. पानं एकमेकांना चिकटलेली. ओढल्यावर चर्र आवाज करत सुटली आणि तोच वास खोलीभर झाला. प्रत्येक नाण्यावर हिरवा, ओलसर लेप. तिनं सांगितलेल्या नवऱ्याच्या नावाचा कप्पा सापडला. आतली शिवराई उजेडात धरली. 'श्री राजा' पुसट, खाली सपाट. मी घासलेली तीच ही.

"ह्ये असं हिरवं कशानं गं झालं?" तिनं नुसतं विचारलं, दोष दिला नाही. आणि मी म्हणाले, "अण्णांनी असंच ठेवलं होतं. आम्ही हातसुद्धा लावला नाही."

तिनं कप्प्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आसंल बाई. मानूस हाय, चुकतं. मागंबी एकदा चुकलं व्हतं त्यांचं. दिवाळीच्या आदी, सुट्टीच्या दिशी, आमच्या घरी आलं. मालकांम्होरं हात जोडलं. म्हनलं, माझ्या हातून तुमचं नाणं घासलं गेलं, अक्षरं गेली, माफी करा. मालक म्हनलं, आवो, तांब्याचा तुकडा त्यो, त्याचं काय येवढं! तर म्हनलं, न्हाई, तुमी इश्वासानं दिल्यालं. लई साधा मानूस."

अण्णा, तुम्ही सुट्टीच्या दिवशी त्या चढाच्या वाटेनं जाऊन माझ्यासाठी हात जोडलेत आणि घरी येऊन एक शब्द बोलला नाहीत. आणि तुम्ही माझी चूक अंगावर घेतली होतीत, म्हणूनच त्या बाईला माझं खोटं पटलं. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदाही चुकला असेल, असं तिला वाटलं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी चहा ठेवायला उठले. तिनं बशीत ओतून चहा घेतला, "जपलंत ह्येच लई झालं," म्हणाली आणि गेली. मी दार लावून तिथंच उभी राहिले. इतकी लाज मला आजवर कशाचीच वाटली नव्हती.

पुण्याला नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे अल्बम घेऊन गेले. त्यानं उघडला आणि आधी नाकाशी नेला. "रेनकोट," म्हणाला. मग सगळं समजावून सांगितलं. शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणी बुडवून ठेवायची, नेलपॉलिश काढायचं ते औषध नाही चालणार. घासायचं अजिबात नाही. मग कडक, बिनवासाच्या गोल डब्या, नाहीतर मधे पारदर्शक खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट. रबर नको, वर्तमानपत्र नको, तापणारं कपाट नको. तुमचीच यादी, फक्त याच्याकडे एसी होता. शेवटी त्यानं सहज विचारलं, "नाणी वडिलांची ना? त्यांनी काही सांगितलं नव्हतं?" मी नाही म्हणाले. सवय कशी लागते बघा.

चाळीसेक नाणी होती. आठवडाभर तेच काम केलं. बरीचशी सावरली, काहींना खड्डे पडलेत ते कायमचे. म्हातारीची शिवराई एका गोल डबीत बसवली आणि घोडेगावला शेजाऱ्यांकडून तिचं गाव विचारून तुमच्याच वाटेच्या गाडीत बसले. घाट चढेपर्यंत काय बोलायचं ते मनात शंभरदा घोकलं. ती ओट्यावर नाचणी पाखडत होती. मी डबी पुढे केली. तिनं नखानं, मग दातानं उघडायचा प्रयत्न केला. "डबी लई भारी हाय, पर उघडत न्हाई." मी उघडून दिली. तिनं नाणं थेट मुठीत घेतलं. "हातात नका घेऊ, घामानं..." एवढं बोलून मी जीभ चावली. मी कुणाला शिकवत होते! तिनं अंगठा फिरवला, पदराच्या टोकात शिवराई गुंडाळली आणि घट्ट गाठ मारली. "आता माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

तुमच्याकडून कुणी कधी नाणं परत नेलं नाही, हे तुम्ही किती अभिमानानं सांगायचात. ती रागावलेली नव्हती. नुसती गाठ मारून पुन्हा नाचणीकडे वळली होती. तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. म्हणाले, "तो अल्बम माझा होता. अण्णांनी कधीच तसलं वापरलं नाही. मी त्यांच्या पुड्या टाकून दिल्या."

"मंग त्या दिशी का नाय बोललीस?"

"लाज वाटली."

"हां," ती म्हणाली. सूप बाजूला ठेवून तिनं दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. "मेल्या मानसाला उगा नाव ठिवलं मी." रिकामी डबी माझ्या हातात परत दिली, तुला लागंल म्हणून. मग आठवल्यासारखं करून म्हणाली, "पर त्ये घासल्यालं मातर त्यांचंच. सवता येऊन सांगितलं व्हतं भाऊंनी. व्हय ना?"

अण्णा, मी हो म्हणाले. गाडीला अजून तासभर होता, दुसरं कुणी तिथं नव्हतं, ती माझ्याकडेच बघत होती, तरी हो म्हणाले. परतीच्या वाटेवर मी स्वतःची समजूत घालत होते की ते तुम्ही स्वतःच्या मनानं घेतलं होतंत, तुमचा शब्द कशाला मोडायचा. तसं काही नाही. बावन्न वर्षांची झाले, पण तुमच्या पाठीमागं लपायला मला अजूनही बरं वाटतं.