आप्पाच्या मोटारीची दहा मिनिटं

रत्नागिरी,
सोमवार, १६ डिसेंबर १९८५

तीर्थस्वरूप आप्पास धाकट्या उमाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या डोळ्याची पट्टी सुटल्याचं वहिनीच्या पत्रावरून कळलं, जिवाला बरं वाटलं. डॉक्टरांनी अजून वाचायची परवानगी दिली नसेल तर हे पत्र वहिनीकडून वाचून घे, आणि मधेच ती थांबली तर कारण विचारू नकोस. नागपुरात थंडी पडली असेल, कानाला मफलर बांधत जा.

तुझी मोटार उत्तम आहे. (हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं तू शांतपणे ऐकशील.) ऑपरेशनसाठी लेकाकडे जाताना ती आमच्या अंगणात ठेवून तू मला बजावलंस, की दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करायचं आणि गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही. पहिले चार रविवार मी ते अक्षरशः पाळलं. त्या उघड्या, दोनच माणसांच्या लाल मोटारीत बसायचं, गियर टाकायचा नाही, आणि समोरच्या दगडी गडग्याकडे बघत दहा मिनिटं काढायची. चौथ्या रविवारी शेजारच्या यमुनाबाईंनी यांना हळूच विचारलं, की उमाताईंची तब्येत बरी आहे ना. त्यात मेकॅनिक म्हणाला, नुसती गुरगुरवून बॅटरी भरत नाही, गाडी मोकळ्यावर पळवायला हवी. मोकळं म्हणजे आपल्याकडे सडा, तो कातळाचा उघडा माळ. बागेतली जीप मी आठ वर्षं चालवते आहे, हे तू जाणतोसच. तेव्हा काल सकाळी यांना शेजारी बसवलं, पालीच्या रस्त्याला लागले आणि गाडी सड्यावर चढवली.

तर तिथे ही गर्दी. कोल्हापूरच्या मोटारवाल्या मंडळींनी कातळावर चुन्याच्या रेघा मारून, डांबराची रिकामी पिंपं मांडून शर्यत ठेवली होती. तिला ऑटोक्रॉस म्हणतात. एका वेळी एकच गाडी सोडायची, तिने पिंपांना वळसे घालत फिरून यायचं, आणि एकजण घड्याळ लावून बसतो. पिंपाला धक्का लागला की पाच सेकंद जास्त धरतात. मी गाडी वळवायला जागा शोधत एका रांगेत शिरले (मला वाटलं ती बाहेर जायची रांग), तर कुणीतरी नमस्कार करून दारावर सात नंबरचा कागद चिकटवला. मी खुलासा करणारच होते. पण मागच्या जीपमधला सदाशिव नावाचा कंत्राटदार मोठ्याने म्हणाला, "बाई, भाजी मंडई शहरात राहिली." मग मी खुलासा केला नाही.

हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून अंबाडा सोडून वेणी घातली. पदर उडता कामा नये असा पंचांचा हुकूम झाला, तेव्हा यांनी खिशातल्या कोर्टाच्या कागदांच्या टाचण्या काढून दिल्या. "एक फेरी कर आणि पुरे," म्हणाले, आणि छत्री उघडून पेपर वाचत बसले.

प्रत्येकाला तीन फेऱ्या, त्यांतली सर्वांत कमी वेळेची धरायची. पहिल्या फेरीत मी प्रत्येक पिंपापाशी रीतसर हात बाहेर काढून वळत असल्याची खूण केली. मधे एक गाय आडवी आली, तिला जाऊ दिलं. बाकीच्यांना दीड-दोन मिनिटं लागत होती, मला चार मिनिटं दहा सेकंद. वेळ मोजणाऱ्याचा तेवढ्यात चहा पिऊन झाला होता.

मग त्यांचे प्रमुख, महिपतराव म्हणून पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, माझ्या शेजारी येऊन बसले आणि मैदानाच्या कडेला मला शिकवू लागले. "ताई, पिंपाकडं बघू नका. जिकडं बघाल तिकडंच गाडी जाणार. ब्रेक वळायच्या आधी, वळताना नाही. आणि पिंपापाशी पोचायची घाई करू नका, तिथनं निघायची करा." बाहेरून आत यायचं, पिंपाला घासून जायचं, पुन्हा बाहेर पडायचं. आप्पा, त्रिज्या मोठी तर वळण सौम्य, हे मी वीस वर्षं शाळेतल्या मुलींना फळ्यावर काढून दाखवते आहे. पण ते पोटात जाणवलं काल.

जाणवलं, पण जरा उशिरा. दुसऱ्या फेरीत चौथ्या पिंपापाशी वळतानाच ब्रेक दाबला गेला. कातळावरच्या बारीक खड्यांवरून मागची चाकं निसटली, गाडी एक अख्खी गिरकी घेऊन थांबली, आणि धूळ खाली बसली तेव्हा माझं तोंड बरोबर पंचांकडे होतं. काय करावं सुचेना, मी त्यांना नमस्कार केला. हे पेपर टाकून, छत्री तशीच उघडी धरून, धावत आले. मी म्हटलं, "लागलं नाही." हे म्हणाले, "ते दिसतंय. आता घरी चल." मी म्हटलं, "तिसरी राहिली आहे." पदराची एक टाचणी सुटली होती, ती नीट लावून हे मागे झाले.

तिसरी फेरी मला धड आठवत नाही. एवढंच आठवतं, की सहाव्या पिंपाला वळसा घातला आणि गाडी आपणहून बाहेर झेपावली, तेव्हा माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. तपासायचे पेपर नव्हते, गुडघे नव्हते, पाहुणे येणार म्हणून आणायचे मासे नव्हते. इतकं रिकामं डोकं लग्नाआधी कधीतरी असेल. शेवटच्या पिंपाला धक्का लागला, तरी तो धरून दोन मिनिटं तीन सेकंद. सदाशिवला दोन मिनिटं सहा. तो येऊन म्हणाला, "तुमच्या गाडीत दम आहे हो." मी म्हटलं, "गाडी भावाची आहे. दम माझा."

नऊ जणांत मी आठवी आले. घरी येईपर्यंत हे रस्ताभर स्पीडोमीटरकडे बघत होते.

वहिनीला नमस्कार, नातवाला आशीर्वाद. डोळ्यांत औषध वेळेवर घाल.

तुझी (चार रविवारांपुरती) आज्ञाधारक
उमा

ता. क. पिंपाला धक्का म्हणजे डाव्या मडगार्डाला सोललेल्या नारळाएवढा पोचा आला आहे. दिवा शाबूत आहे. काच तेवढी नाही.

ता. क. २. सोबत एक फॉर्म आहे. हीच मंडळी फेब्रुवारीत विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर वेगात गाडी चालवायचा दोन दिवसांचा वर्ग घेणार आहेत. गाडी मालकाच्या संमतीशिवाय घेत नाहीत. खाली उजवीकडे सही कर. न वाचता केलीस तरी चालेल, डोळ्यांना ताण नको.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी तिकिटासाठी यांच्या कोटाचा खिसा चाचपला, तर त्यात असाच दुसरा फॉर्म सापडला. चालक म्हणून यांचंच नाव, वय, रक्तगट, सगळं यांच्या कोर्टाच्या अक्षरात आधीच भरलेलं. विचारलं, तर म्हणाले, वहिनी वाचून दाखवेल तेव्हा कळेलच आप्पाला. तेव्हा सह्या दोन कर, आणि पहिल्या दिवशी गाडी माझ्याकडे राहील असं तुझ्या हाताने स्पष्ट लिही. तुझा शब्द ते मोडणार नाहीत.