माय, तुझ्या काविळीबद्दल

माय, तू विचारलं होतंस त्याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. आज यवतमाळच्या एका कॉलेजात मुलींना पेशींबद्दल शिकवते.

पुसदच्या मुलींच्या वसतिगृहात तू स्वयंपाक करायचीस. शाळा सुटली की मी तिथेच यायचे, चुलीपाशी बसून अभ्यास करायचे, आणि शेवटची भाकर तू माझ्यासाठी जरा जाड थापायचीस. मग तुझे डोळे पिवळे झाले. वसतिगृहाच्या बाई दारातच म्हणाल्या, "आता सैपाकाले हात लावू नको. पोरीयले होईन." पदराला हात पुसलेस आणि घरी आलीस. तेव्हापासून तुझं ताट वेगळं, गिलास वेगळा. भाकरी मी थापायची आणि तू लांबून सांगायचीस, "पाणी कमी टाक." डॉक्टरांनी रक्त तपासून 'बी' कावीळ आहे एवढं सांगितलं, ती म्हणजे काय, हे कोणी समजावलं नाही. पोट फुगलेलं, तू भिंतीला टेकून बसली आहेस आणि मला विचारतेस, "काहून झालं व मले? आतून कोन खाऊन राह्यलं?" मी म्हणते, "मले नाही माहीत, माय."

तर ऐक. 'बी' कावीळ एका विषाणूने होते, आणि तो यकृताच्या पेशीला खात नाही. विषाणू शिरलेल्या पेशीने स्वतःहून मरावं, म्हणजे शेजारच्या पेशी वाचतील, अशी सोय शरीरात असते. हा मात्र शिरतो आणि पेशीला जिवंत ठेवून तिच्यात गुपचूप वाढत राहतो. तुला तो बहुधा लहानपणीच लागला असेल. मग तुझ्याच रक्तातले राखणदार त्या पेशी हुडकून मारत राहिले, थोड्या थोड्या, वर्षानुवर्षं. मेलेल्या जागी वण धरत गेले आणि यकृत कडक झालं. तुझं शरीर तुला वाचवायलाच झटत होतं. आणि माय, तो भाकरीतून लागत नाही. रक्तातून लागतो, बाळंतपणात आईकडून लेकराला लागतो. तुझ्या हातचं खाऊन वसतिगृहातली एकही पोरगी आजारी पडली नसती.

मागच्या महिन्यात दारव्ह्याची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. तिच्या वहिनीला हीच कावीळ निघाली होती आणि घरात तिचं ताट वेगळं केलं होतं. "मॅडम, तिच्या हातचं खाल्लं त चालते काय?" मी तिच्यासोबत दारव्ह्याला गेले. वहिनीला स्वयंपाक करायला सांगितलं आणि तिच्या सासूसमोर बसून जेवले. सासूने आपलं ताट पुढे ओढलं. मग सुनेला म्हणाली, "मले बी वाढ."

परत आल्यावर मी माझं रक्त तपासून घेतलं. इतकी वर्षं टाळत होते. काही निघालं नाही. हे सगळं लिहून ठेवते आहे, पाठवणार कुठे? रक्त साफ निघाल्याचा आनंद झाला, नाही असं नाही. पण तुला म्हणून सांगते, क्षणभर वाटलं, तुझं एवढं तरी माझ्यात उरायला हवं होतं.