आधी कोणी खायचं

६ जुलै, रविवार
नागपूरच्या मिहानमधली नोकरी सोडल्यावर मी काढलेली पहिली रानभाजी सहल. नरखेडजवळ, भैयाजींच्या संत्र्याच्या बागेत. उत्तम झाली.
मी शाळेत जायच्या आधीच मैनाआत्याने मला पानं ओळखायला शिकवलं. गेल्या दिवाळीत ती गेली. आता शिकवायची माझी पाळी. तिचा नियम एकच: जो भाजी दाखवतो, त्याने सगळ्यांसमोर पहिला घास खायचा. ती खायची, जरा थांबायची आणि जिवंत असल्याची खात्री पटली की म्हणायची, "आहो मी अजून. खा आता." मग आम्ही तुटून पडायचो.
आज मला खाता आलं नाही. एकादशी. नाइलाज.
चकमकीने चूल पेटवून दाखवली. (चकमक दमट निघाली. खिशातला लायटर वापरला. ठिणगी ती ठिणगीच.)

१३ जुलै, रविवार
तरोटा, म्हणजे टाकळा. रस्त्याच्या कडेला उगवतो, अख्खा विदर्भ खातो. तरी पानं पुन्हा पुन्हा तपासली. शिक्षिकेने काटेकोर असावं.
भैयाजींच्या घरच्या कुसुमताईंनी भाजी छान परतली. माझा उपवास. चतुर्थी उद्या आहे, पण मी आजपासून धरला. सहलीला येणारा दुर्गेश बँकेत आहे, त्याला प्रत्येक गोष्टीत शंका. म्हणाला, मॅडम, चतुर्थीचा उपवास आदल्या दिवशी कोण धरते? म्हटलं, आमच्याकडे धरतात. हे खोटं नाही. आजपासून धरतात.
परत येताना मागे कोणीतरी चालत होतं. मी थांबले की तेही थांबायचं. चिखलात पायांचा आवाज असा येतोच.

२० जुलै, रविवार
बागेच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, आत्या उभी होती. लुगड्याची ओटी खोचलेली, भाजीने भरलेली.
खताची गोणी होती. कुंपणाला अडकलेली. मी ओळखलीच होती.
भैयाजी मागून म्हणाले, "काहून वं पोरी, गोणीले नमस्कार करून राहिली?" सगळे हसले. मीही हसले. हात मात्र खाली यायला वेळ लागला.
आज खाल्लं नाही. उद्या एकादशी, पोट हलकं ठेवलं.

२७ जुलै, रविवार
श्रावणातला रविवार. उपवास. या वेळी कॅलेंडर पूर्णपणे माझ्या बाजूने.
पण उन्नती (कॉलेजात आहे, भोळी दिसते, पण आहे नाही) सगळ्यांसमोर बोलली, ताई, तुम्हाले आजपावेतो खाताना पाहिलंच नाही. हातातले घास ताटात परत गेले. कुसुमताईंची कढई भरलेली राहिली. संध्याकाळी ग्रुपवर दुर्गेशचा मेसेज: पुढच्या रविवारी मॅडम आधी खातील, तरच सहल. नाहीतर बंद. त्यावर अंगठेच अंगठे.
मला भीती वाटत नाही. फक्त एक निरीक्षण नोंदवून ठेवते: आत्याने आधी खाल्ली नाही, अशी एकही रानभाजी मी जन्मात खाल्लेली नाही.

२ ऑगस्ट, शनिवार
ठरलं. उद्या खाणार. सहल बंद पडू देणार नाही.
आरशासमोर सराव केला. पालकाचा घास घेतला, थांबले, आणि मोठ्याने म्हटलं, "आहो मी अजून."
स्वयंपाकघरात भांडं पडलं. आई दारात आली. पांढरीफटक. म्हणाली, "कोण आलं वं?"
कोणी नाही म्हटलं. ती तरी माझ्या मागेच बघत होती. आवाज घराण्यात उतरतो, त्यात विशेष काही नाही.

३ ऑगस्ट, रविवार
खाल्ली! तरोट्याचा पहिला घास, सगळ्यांच्या देखत! डोळे मिटले, थांबले, काही झालं नाही. "आहो मी अजून. खा आता." टाळ्या. दुर्गेशने दोनदा वाढून घेतली. आत्या, बघ.
मग ताटं उचलताना कुसुमताई म्हणाल्या, "एवढं भ्यायचं काय होतं वं त्यात? मीठ पाहाले मीच वाटीभर खाऊन बसली होती."
तत्त्वतः याने काही फरक पडत नाही.
पण ऐकून मला एवढं बरं का वाटलं?

४ ऑगस्ट, सोमवार
घरामागचा तरोटा मीच तोडला. मीच शिजवला. मीठसुद्धा चाखलं नाही. आई बाजारात गेलेली. ताट वाढलं, घास हातात घेतला आणि वाट बघत बसले.
घर अगदी शांत होतं. "खा आता" कोणी म्हणालं नाही.
भाजी गार झाली.
मग आठवलं, श्रावणी सोमवार. साबुदाणा भिजवला.