शनिवारी तोडलेलं पान

लोणखेडा, सोमवार

पवनदादा,

तुला आणि घरी सगळ्यांना नमस्कार. गावात रेंज नाही, म्हणून ही चिठ्ठी जीपवाल्याकडे देते आहे. मी बरी आहे. होस्टेलचं जेवण चांगलं आहे. बीएस्सीचं पहिलं वर्ष वाटलं तेवढं अवघड नाही, फक्त सर भरभर बोलतात.

बाबांना ताप आहे असं जीपवाला म्हणाला. उतरला का? नक्की कोणत्या दिवशी आला होता?

कॉलेजमागे माजी विद्यार्थ्यांनी नवीन बाग करून दिली आहे. शनिवारी तिचं उद्घाटन झालं. पाहुण्यांसमोरच सरांनी आम्हाला प्रॅक्टिकलसाठी एकेक पान तोडून वहीत दाबायला सांगितलं. माझ्या वाट्याला साग आला. सगळे तोडत होते, मीही तोडलं. पान हातात आल्यावर आठवलं, पावसाळ्यात गावाची पूजा होईपर्यंत आपण नवा पाला तोडत नाही; तोडला तर घरात दुखणं येतं, असं आई म्हणते.

ते सागाचं रोप लावणारे माजी विद्यार्थी, एक साहेब, शेजारीच उभे होते. ते आपल्या धडगावकडचेच. माझ्या हाताकडे बघून हळूच आपल्या बोलीत म्हणाले, "गावाची पूजा झाली का, पोरी?"

मी हो म्हणाले.

तेव्हापासून ती वही उघडलेली नाही. पानाखाली तोडल्याची तारीख लिहायची आहे, तीही राहिली. आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस. काळ्या शेळीला पिल्लं झाली का, तेही कळव.

नाहीतर राहू दे. एवढंच कळव, उद्याच्याच जीपने. पूजा शनिवारच्या आधी झाली होती ना?

तुझी सोनम