ब्रेकला पाय न लावता धुळे

मेहरूण, जळगाव
मंगळवार, दुपार

प्रिय भाईदास यास गिरधर दाजीचा पोटभर आशीर्वाद.

तुम्ही सगळे धुळ्यात मजेत असाल. आम्हीही (म्हणजे मी एकटाच) इथे मजेत आहोत. ज्योतीचं पित्त आता बरं असेल, आणि मयुरी सासरच्या लोकांशी फोनवर बोलून बोलून थकली नसेल, असं धरून चालतो. साखरपुडा छान झाला, हे मला फोटोंवरून कळलं. प्रत्यक्ष मी पोचलो तेव्हा मांडववाला खुर्च्या एकावर एक रचत होता, आणि त्याने मला पंक्तीत न बसवता उरलेल्या दोन खुर्च्या उचलायला लावल्या. तुझी बहीण बेबाबाई त्या दिवसापासून तुझ्याकडे आहे. आज बारावा दिवस. काय घडलं ते तिने तिच्या पद्धतीने सांगितलंच असेल, आणि ती पद्धत मला पस्तीस वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणून माझी बाजू लेखी कळवतो. फोनवर कळवली असती, पण फोनवर ती मागून बोलते.

मुळात ती गाडी. हितेंद्रने पुण्याहून हट्टाने ही नवी गाडी घ्यायला लावली, असं मी सगळ्यांना सांगतो. हट्ट माझा होता. तीस वर्षं स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून मी एकेका ड्रायव्हरला सांगत आलो, की बाबा रे, पुढच्या गाडीपासून अंतर ठेव. एकानेही ठेवलं नाही. आणि ही गाडी न सांगता ठेवते! हायवेला लागलं की ऐंशीचा आकडा लावायचा आणि पाय काढून घ्यायचा. पुढे कुणी आलं की ती आपण होऊन हळू होते, तो बाजूला झाला की आपण होऊन पळते. तुम्ही फक्त स्टिअरिंग धरून बसायचं. हितेंद्रने फोनवर हे सगळं समजावलं आणि शेवटी घाईघाईत म्हणाला, "पप्पा, पाय मात्र ब्रेकजवळच ठेवायचा." (महत्त्वाचं आधी सांगावं, हे या पिढीला कळत नाही.) मी त्याला उलट सांगितलं, की जळगाव ते धुळे ब्रेकला पाय न लावता जाऊन दाखवतो. तो नको नको म्हणत होता, पण तेवढ्यात रेंज गेली. बरं, खरं सांगतो, फोन मीच ठेवला.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी आठला निघालो. बेबाबाई पुढे बसली, मांडीवर मयुरीच्या साडीची पिशवी. पाळधी ओलांडली, ऐंशीचा आकडा लावला, आणि मला इतकं समाधान वाटलं की विचारू नकोस. पण आपल्याकडे रस्त्यावर मोकळं अंतर दिसलं की ते आपल्यासाठीच राखून ठेवलंय असं प्रत्येकाला वाटतं. आमच्यापुढे एक जीप घुसली. गाडी अदबीने हळू झाली, पुन्हा अंतर सोडलं. त्या अंतरात केळीचा ट्रक घुसला. पुन्हा अदब. मग एक मोटारसायकल, तिच्यावर तिघं आणि एक कुलर. एरंडोल येईपर्यंत आम्ही निम्म्या जिल्ह्याला वाट करून दिली होती. बेबाबाई पुढे गेलेली एकेक गाडी बोटांवर मोजत होती. मग म्हणाली, "बठ्ठ्या गाड्या पुढे जाई राहिन्यात. आपन धुळे जाई राहिनूत, का जळगाव?" मी तिला गाडीच्या नाकातलं, पुढचं अंतर मोजणारं रडार समजावून सांगितलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तुम्ही काय करी राहिनात?"

एरंडोलच्या पुढे एक टेम्पो लागला. त्यात नवा कोरा सोफा, आणि सोफ्यावर आमच्याकडे तोंड करून एक गृहस्थ बसलेले. डोक्यावर टोपी, हातात शेंगदाण्याचा पुडा. टेम्पोचा वेग चौतीस. आमचाही चौतीस. पुढे काढायला जागा मिळेना. एकदा मिळाली, पण तेवढ्यात तिथून एक बस गेली. दहा किलोमीटर आम्ही समोरासमोर बसून प्रवास केला, भाईदास. समोरासमोर बसलं की माणूस किती वेळ अनोळखी राहणार? आधी त्यांनी हात केला, मी केला. मग त्यांनी शेंगदाणे दाखवले, मी नको म्हणालो. मग ते खुणेने 'जा की पुढे' म्हणू लागले, आणि मी खुणेने 'गाडी नाही म्हणते' असं सांगू लागलो. बेबाबाईने पदर तोंडावर ओढून घेतला.

टेम्पो पारोळ्याच्या अलीकडे एका गावाच्या रस्त्याला वळला. आता इथे माझी चूक झाली, ते मी मान्य करतो. इतका वेळ त्याच्या मागे होतो, की मीही वळलो. भान आलं तेव्हा टेम्पोमागे गाडी आपण होऊन थांबली होती आणि आम्ही एका अंगणात उभे होतो. सोफ्यावरचे गृहस्थ, त्यांचं नाव मगन आबा, खाली उतरले आणि घरातल्यांना म्हणाले, "दुकानना मालक सोता उनात!" मी सोफ्याच्या दुकानाचा मालक नाही, नाही म्हणेपर्यंत बायका तांब्या-पेला घेऊन आल्या, चहा टाकला गेला, आणि घरातल्या पहिल्या सोफ्यावर पहिल्यांदा मालकांनीच बसावं असं ठरलं.

आणि मला उतरता येईना. त्याचं कारण असं, की एरंडोलपासून मी उजवा पाय वर घेऊन, अर्धी मांडी घालून बसलो होतो, आणि पाय पार बधिर झाला होता. बेबाबाई पलीकडून दार उघडून मला हात द्यायला आली. तिने आधी माझा पाय पाहिला. मग खाली पाहिलं, तर उजव्या पायाची चप्पल नाही. ती मी मागच्या सीटखाली सरकवली होती. अंगणात पंधरा-वीस माणसं, हातात चहा.

"तुमना पाय कवयपासून वर शे?"

मी म्हणालो, एरंडोलपासून. आनंदाच्या भरात.

मगन आबांच्या सुनेकडून तिने हळदकुंकू लावून घेतलं, सोफ्याला नमस्कार केला, साडीची पिशवी उचलली, आणि त्यांच्या जावयाच्या रिक्षातून पारोळ्याचा स्टँड गाठून बसने धुळ्याला आली. ती वेळेवर पोचली. मला मात्र सोफ्यावर बसून पोहे खावे लागले, शिवाय दोन जणांनी कपाटांचे भाव विचारले, त्यामुळे उशीर झाला.

असं आहे. आता तूच सांग, यात रागावण्यासारखं काय आहे? माझी काही घाई नाही. राहू दे तिला हवं तितकं. मी खिचडी उत्तम करतो.

तुझा,
गिरधर दाजी

ता.क. खिचडी उत्तम होत नाही.

ता.क. दुसरा. पाय आनंदाच्या भरात वर घेतला नव्हता. चार महिन्यांपासून उजवा गुडघा गेलाय. ब्रेक दाबला की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून तर ही गाडी हवी होती. घरात कुणाला बोललो नाही. धुळ्याहून एकटा परत आलो तेव्हा वाटेत सहा वेळा थांबलो, आणि घरी आल्यावर किल्ली शेजारच्या कुंदनकडे देऊन टाकली. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. कागदावर घरच्या माणसाची सही लागते. तू येशील का? हितेंद्रला कळवू नको, तो सगळी कामं टाकून येईल. आणि बेबाला एकदम सांगू नको.

ता.क. तिसरा. तुझं मोतिबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं मला ठाऊक आहे. वर चौकशी केली नाही ती मुद्दाम. वाचायची तुला मनाई आहे, टपाल येतं त्या वेळी ज्योती शाळेत शिकवत असते, आणि मयुरी फोनवर. म्हणजे हे पत्र तुला कोण वाचून दाखवतंय, तेही मला ठाऊक आहे.

बेबा, चुकलो. पाय वर घेतला त्याहून जास्त, तुला सांगितलं नाही यात चुकलो. सही तूच कर. बसने ये, मी कुंदनच्या रिक्षाने स्टँडवर येतो. आणि वाचता वाचता थांबली असशील, तर काय झालं म्हणून भाईदास विचारेल. त्याला सांग, दाजींचं अक्षर लागत नाही.